बागुलबुवाला गोष्ट नसते

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या आयांनाही धागा लागेल. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सासूबाई त्याला भरवताना आणि झोपवताना "बागुलबुवा येईल" असं सांगतात. गेल्या दोन महिन्यांपासून तो दिवेलागणीनंतर मोरीत एकटा जात नाही, पलंगाखाली बघितल्याशिवाय झोपत नाही, आणि बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. तुमचं आणि सासूबाईंचं यावरून वाजलं. तुम्ही विचारलंय की भुताखेतांच्या सगळ्याच गोष्टी घरातून बंद कराव्यात का, सासूबाईंना कसं सांगावं, आणि पोराच्या मनावर कायमचा ओरखडा उठला असेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानंच उडालेली दिसतेय. या वयात अंधाराची आणि न दिसणाऱ्या कुणाची तरी भीती वाटणं हे वाढीचंच लक्षण आहे. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी चेहरा बघून रडतं, दोन वर्षांचं मिक्सरच्या नाहीतर फटाक्याच्या आवाजाला दचकतं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी कल्पनाशक्ती जोरात वाढायला लागली की पलंगाखाली कुणीतरी राहायला येतं. सातव्या-आठव्या वर्षानंतर हीच भीती चोर, अपघात, आई आजारी पडणं अशा खऱ्या गोष्टींकडे वळते. म्हणजे बागुलबुवाचं नाव कधीच न घेतलेल्या घरातसुद्धा ती आली असती. तुमच्याकडे तिला नाव मिळालं आणि रोज दोन वेळा खतपाणी मिळालं. ते थांबलं की बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. कोल्हापुरात ३१ वर्षं बालवाडी चालवताना मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय.

आता गोष्टी बंद कराव्यात का, याबद्दल. करू नका. धमकी बंद करा आणि गोष्टी वाढवा. बागुलबुवाला आपण गोष्टींच्या गठ्ठ्यात टाकतो, पण तो गोष्ट नाहीच. नीट बघा, त्याला घर नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. तो असा का झाला हे कुणी सांगत नाही. त्याला काय आवडतं, तो कशाला भितो, शेवटी त्याचं काय होतं, यातलं काहीच नाही. त्याला एकच क्रियापद आहे, "येईल", तेही कायम भविष्यकाळात. राक्षस गोष्टीत येतो, धिंगाणा घालतो, मरतो आणि गोष्ट संपते. बागुलबुवा कधी येतच नाही, म्हणून तो कधी जातही नाही. मोठी माणसं "बागुलबुवा उभा करणं" म्हणतात ते नसलेल्या संकटाचं भय घालण्याला. ते नसलेलं आहे हे त्यांना ठाऊक असतं. मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या बालवाडीत एकदा मी मुलांना बागुलबुवा काढायला सांगितलं होतं. प्रत्येकाचा निराळा निघाला. एकीनं हेल्मेट घातलेला काढला, एकानं पाण्याच्या टाकीएवढा. पण एका पोराचं चित्र मी अजून विसरले नाही. सगळा कागदभर एक तोंड आणि दोन मोठे कान, डोळेच नाहीत. मी विचारलं, "डोळे कुठायत रे?" तो म्हणाला, "त्येला दिसत न्हाई. त्यो आवाजावर येतो." घरी चौकशी केली तेव्हा कळलं, त्याची आजी "गप झोप, आवाज करू नगो, बागुलबुवा ऐकंल" एवढं एकच वाक्य रोज म्हणायची. त्या एका वाक्यावरून पोरानं आख्खा प्राणी बांधला होता. आणि म्हणूनच तो वर्गात बोलत नव्हता. सहा महिने आम्हाला वाटत होतं की मुलगा अबोल आहे.

मग आम्ही त्याच चित्राची गोष्ट रचली, आठ-दहा मुलं आणि मी. बागुलबुवा कुठं राहतो? एक म्हणाला, रंकाळ्याच्या पलीकडं. काय खातो? "आवाज खातो." पोट भरलं की? "ढेकर देतो आणि झोपतो." मग त्याला घालवायचं कसं, म्हणून मी विचारलं, तर माझ्या त्या न बोलणाऱ्या पोरानंच उत्तर दिलं, "सगळ्यांनी एकदम वरडायचं. त्येचं पोट फुटंल." आम्ही ओरडलो. शेजारच्या घरातली माणसं बघायला आली. पोरगं त्या दिवसापासून बोलायला लागलं असं मी म्हणणार नाही, त्याला दोन महिने लागले. पण बागुलबुवाला पोट मिळालं, ते भरतं आणि फुटतं हे कळलं, आणि तिथून त्याची पकड सुटत गेली.

आपल्या जुन्या लोकांनी रचलेली भुतं बघा, म्हणजे मी काय म्हणतेय ते आणखी स्पष्ट होईल. मुंजा घ्या. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी जो मुलगा गेला, त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. बघा किती गोष्टी कळल्या: तो कोण होता, कसा झाला, कुठं राहतो. म्हणजे कुठं राहत नाही हेही कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पिंपळ नसतो. मुलाला हे हिशेबानं समजतं आणि त्याला फार धीर येतो.

चकवा घ्या. रात्रीच्या वेळी शिवारातनं जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो, तो त्याच त्याच बांधावरून गोल फिरत राहतो, गाव समोर असूनही सापडत नाही. यावर जुनी माणसं उपाय सांगतात: चकवा लागला असं वाटलं की जिथं आहेस तिथं बस, उजाडेपर्यंत उठू नकोस. अंधारात वाट चुकलेल्यानं नेमकं हेच करायला हवं, विशेषतः जिथं उसाच्या फडाला लागून उघड्या विहिरी आहेत. आपल्याकडची जत्रा आठवा. मूल हरवलं तर त्याला हेच शिकवलेलं असावं लागतं: धावू नकोस, एका जागी थांब. मी अजून मुलांना चकव्याची गोष्ट सांगते आणि शेवटी विचारते, "मग काय करायचं?" सगळी एका सुरात म्हणतात, "खाली बसायचं!"

साती आसरांचं तेच. नदीकाठी, विहिरीच्या कडेला कुंकू लावलेले सात दगड आपण सगळ्यांनी बघितलेत. पाण्यातल्या या सात बायकांना हिरव्या बांगड्या वाहतात, नैवेद्य दाखवतात. त्या पोरांना पाण्यात ओढतात, असं करवीर, पन्हाळा, शिरोळकडच्या घरांत लहानपणी ऐकवलं जायचं. माझं माहेर पंचगंगेच्या काठचं. आमच्या परड्यापलीकडे मळ्यात विहीर होती, कठडा नव्हता. माझी आजी सांगायची, आसरा दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला वर येतात. आज विचार करते तेव्हा लक्षात येतं की भर दुपारी मोठी माणसं जेवून लवंडलेली असायची आणि तिन्हीसांजेला सगळे धारा काढण्यात. म्हणजे विहिरीवर कुणाचं लक्ष नसण्याच्या त्या दोन वेळा. आजी अंगठाबहाद्दर होती, पण तिनं धोक्याला जागा दिली, वेळ दिली आणि त्या वेळेपुरती भीती दिली. बाकीचा सगळा दिवस आम्ही त्याच मळ्यात निर्धास्त हुंदडायचो. बागुलबुवाला अशी वेळ नाही आणि जागा नाही. तो मोरीतही असतो, पलंगाखालीही असतो, दुपारीही आणि रात्रीही.

सगळीच जुनी भुतं मी सांगत नाही, हेही लिहिते. हडळ मी कधीच सांगितली नाही. बाळंतपणात गेलेली बाई, तिला उलट्या पावलांची करून झाडावर बसवायचं आणि पोरांना भिववायचं, हे मला सहन होत नाही. ज्या काळात घरोघरी लेकीसुना बाळंतपणात दगावायच्या त्या काळातलं ते दुःख आहे, आणि त्यात मेलेल्या बाईवरच दोष ठेवलाय. चार-पाच वर्षांच्या पोराला, ज्याची आई कदाचित पुन्हा गरोदर असेल, त्याला हे कशाला?

भिववणारा कुणीतरी जगात सगळीकडेच आहे. कोल्हापूरहून निपाणीपलीकडे गेलं की कानडी घरांत त्याला "गुम्म" म्हणतात. कानडी संतकवी पुरंदरदासांचं एक पद आहे, त्यात बाळकृष्ण यशोदेला विनवतो की गुम्माला बोलावू नकोस, मी गप्प बसतो, दूध मागत नाही, भात खातो, रडत नाही. दासांनी प्रत्यक्ष देवाला भिणारं मूल केलं आणि भीतीची बाजू मुलाच्या तोंडून मांडली. आपण मुलाला "येईल हं" म्हणतो तेव्हा त्याच्या आत काय चालतं ते त्या पदात आहे: तडजोड. जे मागायचा हक्क आहे तेही तो सोडून द्यायला तयार होतो. दूधसुद्धा.

बंगालात तर भिववायला आपणच होतो, हे बऱ्याच मराठी माणसांना ठाऊक नसतं. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळानं बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्या "बारगीर" शब्दाचं तिकडं "बर्गी" झालं आणि ते अंगाईत जाऊन बसलं. बाळ झोपलं, वस्ती निवली, बर्गी आले देशात, धान बुलबुलांनी खाल्लं, आता शेतसारा कशानं भरायचा, असं त्या अंगाईत आहे. बाळाला साऱ्याचं काय कळणार? ती काळजी आईची आहे. आपण मुलाला ज्याची भीती घालतो त्यात पुष्कळदा आपलीच भीती असते. २०१९च्या महापुरानंतर नदीकाठच्या गावांतल्या आया पोरांना "झोप, नाहीतर पूर येईल" म्हणताना मी ऐकल्या. त्या स्वतः पावसाचा आवाज वाढला की रात्री उठून बसत होत्या. अशा वेळी मुलापेक्षा आईशी आधी बोलावं लागतं.

जपानचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. तिथं अकिता भागात ओगा नावाचं द्वीपकल्प आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री गावातले पुरुष लाकडी मुखवटे आणि गवताचे झगे घालून घरोघरी जातात, त्यांना नामाहागे म्हणतात. "रडकी पोरं आहेत का? आळशी पोरं आहेत का?" असं ओरडत ते घरात शिरतात. पोरं किंचाळतात. २०१८ साली युनेस्कोनं आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत हे घेतलं. आता त्यातला महत्त्वाचा भाग: मूल बापाला घट्ट बिलगलेलं असतं, आणि बाप त्या दैत्याला सांगतो की आमचं पोर चांगलं आहे, ते ऐकतं. मग घरातले त्या दैत्याला बसवतात, खायला-प्यायला देतात, आणि तो पुढच्या वर्षी येतो म्हणून निघून जातो. भीती आली, बापानं बाजू घेतली, भीती जेवून गेली. तरीही इतक्या लहान पोरांना इतकं भिववावं का, हा प्रश्न उरतोच, आणि मी तरी तीन-चार वर्षांच्या मुलासमोर असा मुखवटा आणणार नाही. पण बाप कुणाच्या बाजूला उभा आहे ते बघा. आपल्याकडे "बागुलबुवा, घेऊन जा रे याला" असं आई किंवा आजीच म्हणते, तेव्हा मुलाला वाटतं की घरातली माणसं बागुलबुवाच्या बाजूची झाली. मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते.

"असं काही नसतंच, वेड्या" एवढं सांगून काम होत नाही, हा अनुभव तुम्हाला आला असेलच. इंग्लंडमध्ये पॉल हॅरिस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना एक पेटी दाखवली, ती रिकामी आहे हे मुलांनी स्वतः बघितलं. मग काहींना सांगितलं की आत ससा आहे अशी कल्पना करा, काहींना सांगितलं की राक्षस आहे अशी कल्पना करा. हे सगळं खोटं खोटं आहे हे मुलं नीट सांगत होती. तरीही राक्षसाच्या पेटीशी काही मुलांना एकटं थांबायचं नव्हतं. डोक्याला पटलेलं असतं, पण "नसेलच असं कशावरून?" ही शंका शिल्लक राहते. मोठं माणूस अमावास्येच्या रात्री मसणवट्यावरून एकटं जाताना पावलं उचलतंच की. म्हणून मुलाच्या भीतीला हसू नका, चारचौघांत सांगू नका. आणि त्यानं सरळ विचारलं, "बागुलबुवा खरंच असतो?" तर सरळ सांगा: नाही, ते माणसांनी रचलेलं नाव आहे. पण न विचारता दिवसातून दहा वेळा तेच ऐकवत बसू नका.

आता सासूबाईंकडे वळते. कृपा करून त्यांना गुन्हेगार करू नका. तुम्ही दोघं कामावर जाता, दिवसभर पोराच्या मागं ताट घेऊन फिरणारं एकच माणूस घरात आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात, हे तुम्हीच लिहिलंय. बागुलबुवा हे दमलेल्या माणसाचं हत्यार आहे. ते काढून घ्यायचं तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल. त्यांना असं म्हणून बघा, "आई, हा बागुलबुवाला लईच भ्यायलाय, मोरीत जाईना झालाय. तुम्हीच घालवा आता, माझं ऐकत नाही." हे खरंही आहे. ज्यानं बोलावलं त्याच्याच तोंडून "गेला" हे मुलाला ऐकायला मिळायला हवं. आईनं हजार वेळा सांगून जो परिणाम होणार नाही तो आजीच्या एका वाक्यानं होतो.

आमच्याकडच्या एका आजींनी हे कसं केलं ते सांगते. संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांनी नातवाला कडेवर घेतलं, घराचं दार सताड उघडलं आणि जिन्याकडं बघून म्हणाल्या, "जा बाबा आता. माझा नातू शाणा झालाय, आपल्या हातानं जेवतोय. तुझं काम न्हाई हितं." मग नातवाला खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "लाव कडी." पोरानं टाचा उंच करून, दोन्ही हातांनी कडी सरकवली. हे चार संध्याकाळी चाललं. पाचव्या संध्याकाळी तो म्हणाला, "आज्जे, कोण न्हाई भायेर, उगंच काय दार उघडतीस, डास येत्यात." कडी मुलाच्याच हातानं लागली पाहिजे, त्यात सगळं आलं.

भरवताना आणि झोपवताना काय म्हणायचं, हाही सासूबाईंचा खरा प्रश्न आहे. जेवणात भीतीही नको आणि मोबाईलही नको. चार घास कमी गेले तर जाऊ द्या, पुढच्या वेळी भूक लागते. झोपवताना त्यांना त्यांच्या गावच्या गोष्टी सांगू द्यात, भीतीच्यासुद्धा. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी घ्या: वाघ आहे, कोल्हा आहे, दोघांना तिला खायचंय, जंगल आहे, आणि म्हातारी युक्तीनं सुटते. यापेक्षा भयंकर प्रसंग मुलाला माहीत नसतो आणि यापेक्षा लाडकी गोष्टही नसते. फक्त तीन गोष्टी जपायच्या. मूल मांडीत नाहीतर कुशीत असावं, समोर नको. मध्येच त्यानं "पुढचं नको" म्हटलं तर थांबायचं आणि थेट शेवट सांगून टाकायचा. आणि अर्धी गोष्ट उद्यावर ठेवायची नाही, या वयात तर अजिबात नाही. वाघाला रात्रभर जंगलात मोकळा सोडून पोराला झोप येत नाही. यूट्यूबवरच्या भुतांच्या कार्टूनांना मी म्हणूनच नको म्हणते. तिथं मांडी नसते, थांबवणारं माणूस नसतं, आणि एक संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं.

एका बाबतीत मात्र कडक राहा. "पोलीस धरून नेतील", "डॉक्टर मोठी सुई टोचतील", "झोळीवाला पोत्यात घालून नेईल" हे घरात कुणीही म्हणू नये. भुताचं नाव घेतलं तर निदान कुठल्या जिवंत माणसावर आळ येत नाही. पोलिसाला भिणारं मूल गर्दीत हरवलं तर पोलिसापासून लपतं. डॉक्टरचं भय घातलेल्या मुलाच्या कानात काय दुखतंय ते तपासायला तीन माणसं धरायला लागतात. झोळीवाल्याचं तर काय सांगू. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. अफवा मोबाईलवरून पसरली हे खरं, पण झोळी घेतलेला अनोळखी माणूस म्हणजे पोरं नेणारा, हे त्या जमावातल्या कितीतरी जणांनी घास भरवून घेताना ऐकलेलं असणार.

मुलं पळवणारी माणसं असतात, हे मी नाकारत नाही. १९९६ साली मुलं पळवणाऱ्या आणि त्यातल्या काहींचा जीव घेणाऱ्या माय-लेकींना अटक झाली, तो खटला आपल्याच कोल्हापुरात चालला. त्या दिवसांत इथल्या आयांनी पोरांचे हात किती घट्ट धरले होते ते मला आठवतं. पण लक्षात घ्या, त्या साध्या दिसणाऱ्या बायका होत्या. झोळीवाल्याला भिणारं मूल गोड बोलणाऱ्या मावशीबरोबर चालत गेलं असतं. खऱ्या धोक्यासाठी साधी, स्पष्ट सूचना लागते: आईनं किंवा आजीनं सांगितल्याशिवाय कुणाबरोबर जायचं नाही, खाऊ दिला तरी नाही, ओळखीचं असलं तरी नाही, कुणी ओढलं तर मोठ्यानं ओरडायचं. हे दिवसाउजेडी, खेळता खेळता शिकवायचं.

रात्रीचं म्हणाल तर मोरीकडच्या बोळात झिरोचा बल्ब लावा. पहिले आठ दिवस तुम्ही सोबत जा, मग मोरीच्या दाराशी थांबा, मग खोलीच्या दाराशी थांबून बोलत राहा, मग पलंगावरून. घाई केली तर मागं यावं लागतं. पलंगाखाली त्याच्याबरोबर एकदाच बघा, दहादा बघितलंत तर तिथं काहीतरी असण्याची शक्यता तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. आणि त्याला सांभाळायला कुणीतरी द्या. २००६च्या लेबनॉन युद्धाच्या वेळी इस्रायलमधल्या मानसशास्त्रज्ञांनी घाबरलेल्या लहान मुलांना कापडी कुत्रा दिला आणि सांगितलं की हा दुःखी आहे, याला कुणी नाही, तू याची काळजी घे. मुलांचा ताण कमी झाला. आपल्याकडे महागडं खेळणं नको, आजीच्या जुन्या लुगड्याची बाहुली पुरते. "हिला अंधारात भीती वाटते, तू जवळ घे" एवढंच सांगा.

अंथरूण ओलं होण्याबद्दल: पाच वर्षांपर्यंत ते होत असलं तरी काळजी नसते. पण तुमचा मुलगा कोरडा राहायला लागून बरेच महिने झाले होते आणि पुन्हा सुरू झालं, म्हणून सगळं भीतीवर ढकलू नका. एकदा बालरोगतज्ज्ञांकडून लघवी तपासून घ्या, बद्धकोष्ठ आहे का तेही विचारा. ओरडू नका, चादर बदलताना त्याला मदतीला घ्या. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत तो किंचाळून उठून बसत असेल, डोळे उघडे पण ओळखत नसेल आणि सकाळी काहीच आठवत नसेल, तर ते स्वप्न नव्हे. झोपेच्या त्या टप्प्यात असं होतं. हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत तो आपोआप झोपतो. पहाटे उठून स्वप्न सांगत असेल तर मात्र जवळ घेऊन ऐका. महिना-दीड महिन्यात काहीच फरक पडला नाही, दिवसाही तो तुम्हाला सोडेना, शाळेत जाईना, खाणं तुटलं, तर बालमानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडं न्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नवरात्र जवळ आलंय म्हणून शेवटी एक सुचवते. पंचमीला त्याला टेंबलाईच्या टेकडीवर न्या. जाण्याआधी आठवडाभर सासूबाईंना कोल्हासुराची गोष्ट सांगू द्या. अंबाबाईनं त्याला मारलं, मरताना त्यानं गावाला आपलं नाव मागून घेतलं, त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई, रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि अंबाबाई तिला भेटायला गेली, हे सगळं. इथं राक्षसाला नाव आहे, गाव आहे, शेवट आहे, आणि आपण त्याच गावात राहतो. अंबाबाईची पालखी टेकडीवर येते, आणि कोल्हासुर म्हणून ठेवलेला कोहळा गुरव घराण्यातली एक लहान मुलगी त्रिशूळानं फोडते. हे मी दरवर्षी बालवाडीतल्या पोरांना सांगायचे, तेव्हा एक चार वर्षांची पोर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मीबी फोडतो." पुढं आठवडाभर वर्गात रोज दुधीभोपळे आणि काकड्या फुटत होत्या. टेकडीवर कोहळ्याचे तुकडे मिळवायला फार झुंबड उडते, तेव्हा मध्ये शिरू नका. कडेला उंचावर उभं राहा, त्याला बाबांच्या खांद्यावर बसवा, आणि घरी आल्यावर एखादा छोटा कोहळा त्याच्यापुढं ठेवा.